गिटार पेडलच्या डबीवर चित्र: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वडसा-देसाईगंजच्या पट्ट्यात आमचं घर पडदे रंगवणाऱ्यांचं. झाडीपट्टीच्या नाटकांना लागणारे महालाचे, जंगलाचे, गावच्या चौकाचे पडदे बाबा रंगवायचे. पोळा जवळ आला की बैलांची शिंगं, आणि एरवी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, पानठेल्यांच्या पाट्या. मी त्याच डब्यातले ब्रश घेऊन गिटारच्या पेडलवर आलो. आता हंगामात पडदे आणि उरलेल्या महिन्यांत पेडल असं चालू आहे. तीच तीच उत्तरं फोनवर देऊन घसा बसला, म्हणून एकदाचं लिहून ठेवलं. ऑर्डर देण्याआधी निदान भोकांबद्दलचं उत्तर वाचा.

पेडल म्हणजे नेमकं काय? आणि पायाखालच्या वस्तूवर चित्र कशाला?

दुसरा प्रश्न आमच्या आईचा आहे. पेडल म्हणजे गिटार आणि ॲम्प्लिफायर यांच्या मध्ये जोडायची लहानशी धातूची डबी. गिटारचा आवाज एका बाजूने आत जातो, आतल्या सर्किटमध्ये फाटतो, घुमतो नाहीतर लांबतो, आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडतो. हात तारांवर गुंतलेले असतात, म्हणून चालू-बंद करायला पाय.

चित्र कशाला, याचं उत्तर अंधारात मिळतं. स्टेजवर पाच डब्या ओळीने ठेवलेल्या असतात आणि गाणं चालू असताना खाली बघायला अर्धा सेकंद मिळतो. तेवढ्यात अक्षर वाचून होत नाही, रंग आणि आकार तेवढा दिसतो. मोठ्या कंपन्यांना हे फार आधी कळलं. १९६२ च्या सुमाराचा मायस्ट्रोचा फझ-टोन (फझ म्हणजे आवाज खरखरीत फाडणारं पेडल) साधा तपकिरी उतरता डबा होता. बॉसने १९७७ मध्ये लहान पेडल काढायला सुरुवात केली, आणि पुढच्याच वर्षीचं त्यांचं डीएस-१ नारिंगी रंगाचं. आयबानेझचं ट्यूब स्क्रीमर हिरवं. इतकं हिरवं, की आजही कोणी तशा जातीचं सर्किट बनवलं की हात आपोआप हिरव्या डब्याकडे जातो. पुढे नव्वदच्या दशकात अमेरिकेत झीव्हेक्ससारखे छोटे कारागीर एकेक डबी हाताने रंगवून विकू लागले. माझ्यासारख्याचं दुकान त्या वळणावर आहे.

डिझाइनची सुरुवात कुठून करू? माझ्याकडे चित्र तयार आहे.

चित्र बाजूला ठेवा आणि भोकं दाखवा.

दहातले आठ जण सुंदर चित्र पाठवतात, आणि त्या चित्रातल्या बाईच्या कपाळावर व्हॉल्यूमचं भोक येतं. पेडल म्हणजे चौकोनी कागद नव्हे, ते भोकं पाडलेलं पान आहे. तीन नॉबची साधी डबी घेतली तरी तीन पॉट (नॉब ज्यावर बसतो तो फिरता भाग), एक एलईडी आणि एक फुटस्विच अशी वरच्या तोंडावरच पाच भोकं होतात. भोकाएवढीच जागा जाते असंही नाही. पॉटचं भोक ७ मिमीचं, पण त्यावर वॉशर आणि नट बसतो, आणि त्यावर १५ ते १९ मिमी व्यासाचा नॉब. म्हणजे भोकाच्या केंद्रापासून साधारण १० मिमीच्या वर्तुळात तुम्ही काहीही काढा, ते झाकलं जाणार. फुटस्विचचं भोक १२ मिमी, आणि त्याच्या आजूबाजूचा अंगठ्याएवढा भाग बुटाने घासला जाणार.

बाबा शिंग रंगवताना आधी शिंग हातात धरून फिरवून बघायचे. कुठे घेर आहे, कुठे टोक, कासरा कुठे घासतो. पट्टे नंतर. मीही डबी तशीच फिरवून बघतो. माझी पद्धत अशी: डबीच्या मापाचा कागद कापायचा, त्यावर भोकांच्या जागी एक-एक रुपयाची नाणी ठेवायची आणि मग उरलेल्या जागेत पेन्सिल चालवायची. नाणं नॉबपेक्षा थोडं मोठं असतं, म्हणून हात आपोआप सावध राहतो. कॉम्प्युटरवर काम करत असाल तर भोकांचा एक लेअर सगळ्यात वर ठेवा आणि तो कधीही बंद करू नका. अगदी कधीही. बंद केला की चित्र छान दिसायला लागतं, आणि तिथंच घात होतो.

डबीची मापं काय असतात?

जास्त चालणाऱ्या तीन. १५९०बी, तोंड साधारण ११२ × ६० मिमी. १२५बी, साधारण १२२ × ६६ मिमी. आणि १५९०बीबी, साधारण ११९ × ९४ मिमी. १५९० हा आकडा हॅमंड कंपनीच्या डब्यांचा. बाजारात त्याच आकाराचा दुसऱ्यांचा माल भरपूर येतो आणि मिलिमीटरभर इकडेतिकडे असतो, म्हणून नावावर जाऊ नका, व्हर्नियर लावा. शिवाय या डब्या साच्यात ओतलेल्या असतात. कडा गोलसर असतात आणि भिंती किंचित तिरप्या. कडेपासून ३ मिमी आतपर्यंत महत्त्वाचं काही ठेवू नका.

छापायचं असेल तर ३०० डीपीआय आणि चारी बाजूंनी ३ मिमी जास्तीची जागा. १२५बी साठी ते ७२ × १२८ मिमी, म्हणजे सुमारे ८५० × १५१२ पिक्सेल होतं. आणि फाइल व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवली की तो तिचा लगदा करतो.

नॉबभोवती आकडे किंवा रेघा काढायच्या असतील तर?

नेहमीचा पॉट पूर्ण गोल फिरत नाही, सुमारे ३०० अंश फिरतो. घड्याळाच्या भाषेत सातच्या काट्यापासून पाचच्या काट्यापर्यंत. शून्य ते दहा असे दहा घर करायचे असतील तर प्रत्येक घर ३० अंशांचं, आणि घड्याळातल्या एका तासाचं अंतरही ३० अंशच. म्हणजे घड्याळाची तबकडी समोर ठेवून रेघा मारा: सातवर शून्य, बारावर पाच, पाचवर दहा. सहाची जागा मोकळी. मी घरातलं बंद पडलेलं भिंतीवरचं घड्याळ याच कामाला ठेवलं आहे.

नाव नॉबच्या वर लिहायचं की खाली?

बहुतेक लोक वर लिहितात. डबी टेबलावर ठेवून समोरून बघितली तर ते बरोबरही दिसतं. पण वाजवणारा उभा असतो, पेडल त्याच्या पायांपुढे असतं आणि तो तिरका बघतो. डोळा जमिनीपासून दीड मीटर उंच आणि पेडल अर्धा मीटर पुढे धरलं, तर १५ मिमी उंचीचा नॉब आपल्या मागची ५ मिमी जागा झाकतो. आमच्याकडे बरेच वादक खुर्चीवर बसून वाजवतात. त्यांचा डोळा खाली येतो आणि झाकलेली जागा वाढते. म्हणून वर लिहायचं तर नॉबच्या कडेपासून ७-८ मिमी सोडून लिहा. तेवढी जागा नसेल तर खाली, वाजवणाऱ्याच्या बाजूला लिहा. मला खालीच आवडतं. दिसायला थोडं विचित्र, वाजवायला बरं.

नावं मराठीत लिहिता येतील का?

येतील, आणि मला ते काम जास्त आवडतं. पण तीन गोष्टी आहेत.

पहिली उंचीची. रोमन मोठी अक्षरं एका सरळ पट्टीत बसतात. देवनागरीला वर वेलांटी, खाली उकार. ‘व्हॉल्यूम’ हाच शब्द घ्या: वर चंद्र, खाली ऊकार, मध्ये जोडाक्षरं. इंग्रजीत ज्या जागेत अडीच मिमीचं अक्षर सुखाने राहतं, तिथं हा शब्द गुदमरतो. त्याला दीडपट जागा द्या, नाहीतर शब्दच बदला. ‘आवाज’ लिहा. वर-खाली काही लोंबत नाही, तीनच अक्षरं, आणि अर्थ घरातल्या म्हाताऱ्यालाही कळतो. गेनला, म्हणजे आवाज किती फाटावा ते ठरवणाऱ्या नॉबला, आम्ही ‘धार’ म्हणतो. टोनला मात्र ‘टोन’च ठेवतो. ‘सूर’ लिहून एकदा फसलो. गिऱ्हाईक म्हणाला, “भाऊ, सूर तर गिटारच्या कानात असते, डबीत कुठचा?” बरोबर बोलला.

दुसरी गोष्ट, गडद रंगावर पांढरी अक्षरं असतील तर बारीक फॉन्ट घेऊ नका. शाई थोडी पसरते आणि अक्षराच्या आतली पोकळी भरून येते. ‘ध’ आणि ‘घ’ यांत फरक राहत नाही. ‘धार’चं ‘घार’ झालेलं पेडल माझ्या कपाटात अजून आहे. शेवटी त्यावर घार काढली आणि स्वतःसाठी ठेवलं.

तिसरी, अक्षराचं वळण. बऱ्याच फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे असतात. डोळ्याला खुपतं, पण का खुपतं ते लोकांना सांगता येत नाही. टिरो देवनागरी मराठी या फॉन्टमध्ये मराठी वळण मिळतं. ठळक कामासाठी ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्ता आणि बालू चांगले. तिन्ही मोफत आहेत आणि विकायच्या वस्तूवर वापरता येतात.

आमच्या तालुक्याच्या डीटीपीवाल्याकडे अक्षरं फुटतात. काय करू?

तो कोरलमध्ये श्री-लिपी वापरत असणार आणि तुम्ही मोबाइलवर युनिकोडमध्ये टाइप केलेलं त्याला देत असणार. दोन्हींची आतली मांडणी वेगळी, म्हणून चौकोन नाहीतर भलतीच अक्षरं उमटतात. दोष कोणाचाच नाही. तुम्ही इंकस्केपमध्ये, तेही मोफत आहे, अक्षरं मांडा आणि देण्याआधी ती पाथमध्ये बदलून घ्या. डीटीपीवाले याला ‘कर्व्ह करणे’ म्हणतात. कर्व्ह केलं की ती अक्षरं राहत नाहीत, आकार होतात, आणि कुठल्याही मशीनवर तशीच राहतात. कर्व्ह करण्याआधी शुद्धलेखन तपासा. नंतर एक काना टाकायचा तरी रडकुंडीला येता.

वाघाच्या डोळ्यात एलईडी बसवता येईल?

ताडोबा जवळ असल्याचा हा परिणाम. वर्षाला किती वाघ रंगवतो ते मोजणं सोडून दिलं आहे. बसवता येतो, पण बहुतेक सर्किटमध्ये एकच एलईडी असतो आणि वाघाला डोळे दोन. पहिला वाघ मी असाच केला. पेडल चालू केलं, एक डोळा लाल झाला. गावातला एक पोरगा वाकून बघत म्हणाला, “काहून गा पेंटर, वाघ डोळा मारते का?” त्यानंतर ते पेडल ज्याने ज्याने पाहिलं त्याला डोळा मारणारा वाघच दिसला.

आता मी वाघ बाजूने काढतो, एकच डोळा दिसेल असा. किंवा एलईडी वाघात न घेता वरचा चंद्र करतो. दोन डोळे पाहिजेतच असतील तर सर्किट बनवणाऱ्याला आधी सांगा. दुसरा एलईडी जोडणं त्याला कठीण नाही, पण भोक आधी पाडावं लागतं. आणि प्रखर निळा एलईडी टाळा. रात्री त्याच्या चकाकीत बाजूची अक्षरं दिसेनाशी होतात.

गजानन महाराजांचं, तुकडोजी महाराजांचं किंवा शिवाजी महाराजांचं चित्र काढाल का?

नाही. भावना कितीही चांगली असली तरी ती वस्तू पायाने दाबायची आहे. बाबासाहेब, देवदेवता, तिरंगा, अशोकचक्र, सगळ्यांना हेच उत्तर. एकाला हे फार लागलं. तो म्हणाला, भजनातच वाजवतो मी. मग त्याच्या पेडलवर खंजिरी काढली, आणि फुटस्विच खंजिरीच्या बाहेर ठेवला. तोही खूश, मीही.

वारली चित्र काढून द्या ना, आपलं महाराष्ट्राचं.

काढून देतो, पण आधी एक विचारतो: तुम्ही वर्ध्याचे, चंद्रपूरचे, तुमचं वारलीशी काय नातं? ती पालघर-ठाण्याकडची कला. ठिपक्या-रेघांनी भरलेलं जे ‘गोंड चित्र’ सगळीकडे दिसतं, त्याचं मूळ मध्य प्रदेशात, दिंडोरी जिल्ह्यातल्या पाटनगढ गावाकडे. ती शैली नावारूपाला आणणारे चित्रकार जनगढसिंह श्याम तिथले. गडचिरोलीचे गोंड-माडिया वेगळे, त्यांच्या वस्तू वेगळ्या. खरोखर या मातीतल्या हातचं चित्र पाहिजे असेल तर त्या समाजातल्या चित्रकाराकडून काढून घ्या, त्याला पैसे द्या आणि डबीच्या मागच्या झाकणावर त्याचं नाव घाला. मी छापून देतो. नक्कल मी करत नाही.

आपल्याकडे विषय कमी आहेत का? तान्ह्या पोळ्याचा चाकावरचा लाकडी बैल, ज्याच्या चाकांच्या जागी दोन नॉब बसतात. फुटलेलं कापसाचं बोंड. लोणारचं सरोवर, वरून पाहिलं तर ते निसर्गानेच दिलेलं नॉबचं वर्तुळ. मोहफूल. नाटकाचा अर्धा उघडलेला पडदा. एका फझ पेडलवर मारबत (पोळ्यानंतर रोगराई घेऊन जा म्हणत नागपुरात मिरवतात तो पुतळा) काढली होती, काळ्या पिवळ्या पट्ट्यांत, आणि फुटस्विचखाली लिहिलं ‘घेऊन जा गे मारबत’. फझचा आवाज ऐकलेला असेल तर हे समजावून सांगावं लागत नाही.

कोणत्या पद्धतीने करून घेऊ? हाताने, छापून, की कोरून?

एकच डबी असेल आणि चित्र तुमच्यासाठीच असेल तर हाताने. पॉलिश पेपरने डबी घासायची (आधी ३२०, मग ६००), थिनरने पुसायची, धातूला धरणारा प्रायमर द्यायचा, वर रंग, आणि शेवटी क्लिअर (पारदर्शक थर). घासण्याचा कंटाळा केला तर रंग दोन महिन्यांत पापुद्र्यासारखा सुटतो. ॲल्युमिनियम गुळगुळीत असतं, रंगाला धरायला काहीतरी ओरखडा लागतो. बारीक रेघांसाठी मी लायनर ब्रश वापरतो, नवख्यांनी पेंट मार्कर वापरावा.

घरी प्रिंटर असेल तर वॉटरस्लाइड डिकल. खास कागदावर छापायचं, कोमट पाण्यात मिनिटभर बुडवायचं, आणि वरची पातळ फिल्म सरकवून डबीवर घ्यायची. इंकजेटने छापलं असेल तर बुडवण्याआधी क्लिअर मारून शाई बंद करावी लागते, नाहीतर ती पाण्यात जाते. लेझरला ती भीती नाही. लक्षात ठेवा, घरचा प्रिंटर पांढरा रंग छापत नाही. पारदर्शक फिल्मवर जिथं पांढरं आहे तिथं डबीचा रंग दिसणार. म्हणून खाली पांढरा किंवा फिका रंग हवा. वरचे पहिले दोन क्लिअर कोट धुक्यासारखे हलके मारा. पहिलाच कोट ओला दिला तर त्यातलं सॉल्व्हंट डिकल खातं आणि सगळं सुरकुततं.

फोटोसारखं काम हवं असेल तर यूव्ही प्रिंट. ही मशीन मोठ्या शहरांत मिळते, आमच्याकडून नागपूर गाठावं लागतं. ती आधी पांढरी शाई घालून वर रंग छापू शकते, म्हणून काळ्या डबीवरही रंग उठतात. डबी पूर्ण रिकामी पाहिजे, आणि भोकं आधीच पाडलेली. छापल्यानंतर ड्रिल लावलं की शाईच्या कडा उडतात.

वीस-पंचवीस एकसारख्या डब्या असतील तर स्क्रीन प्रिंटिंग स्वस्त पडतं. लग्नपत्रिका छापणारा कारागीर तुमच्या गावात असेलच. फक्त त्याला कागदाची शाई वापरू देऊ नका. धातूसाठी दोन भाग मिसळायची इपॉक्सी शाई मिळते, ती आणून द्या. प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन लागते, म्हणून एक-दोन रंगांतच चित्र बसवा. मला तर दोन रंगांचीच पेडल सगळ्यात देखणी वाटतात.

आणि कोरायचं असेल तर भांड्यांच्या दुकानात जा. आहेराच्या ताटावर नाव घालून देणारा माणूस असतो ना, त्याच्या हातातलं ते गुणगुणणारं यंत्र रंगवलेल्या डबीवरही चालतं. रंग उडून खालचं पांढरं ॲल्युमिनियम दिसतं. मी एका म्हाताऱ्या कारागिराकडून असं एक पेडल करून घेतलं. त्याने सवयीने खाली तारीख आणि ‘सप्रेम भेट’ही घातलं. ठेवलं तसंच. लेझरवाल्याकडे हेच काम सुबक होतं, पण ‘सप्रेम भेट’ मिळत नाही.

रेडियमवाल्याकडून स्टिकर कापून लावलं तर?

चालतं, स्वस्त आहे. फक्त आमच्या उन्हाळ्याचा विचार करा. पारा ४६-४७ वर जातो, उघड्या मंडपात डबी तापते, गोंद पातळ होतो आणि बुटाच्या टोकाने स्टिकर सरकतं. लावायचंच असेल तर कडेपासून आत ठेवा आणि वरून क्लिअर मारा.

घरी ॲसिडने एचिंग करू का? किंवा ॲनोडाइझ?

फेरिक क्लोराइड ॲल्युमिनियमवर तांब्यासारखं शांतपणे काम करत नाही. खूप उष्णता होते, वाफा निघतात, उसळतं. कॉस्टिक सोड्यात ॲल्युमिनियम टाकलं तर हायड्रोजन निघतो. घरात लहान मुलं, अंगणात बकऱ्या, आणि उरलेलं पाणी शेवटी नालीतून कुणाच्या तरी शेतात. मी करत नाही आणि तुम्हीही करू नका. ॲनोडाइझिंगचं (विजेने धातूवर रंगीत थर चढवणं) म्हणाल तर ओतीव डब्यांच्या मिश्रधातूत सिलिकॉन जास्त असतं, त्यामुळे रंग राखाडी आणि डागाळ येतो.

पावडर कोटिंग आधी की भोकं आधी?

भोकं आधी, पण थोडी मोठी. पावडरचा थर भोकाच्या कडेलाही बसतो आणि ७ मिमीच्या भोकात पॉट अडकतो. ७.२ किंवा ७.५ ठेवा. कोटिंग भट्टीत १८०-२०० अंशांना भाजतात, म्हणून आत प्लॅस्टिकचं काही राहू देऊ नका. स्लायडिंग खिडक्यांचं काम करणाऱ्यांना विचारा, पावडर कोटिंग कुठं होतं ते त्यांना माहीत असतं.

एक गोष्ट मात्र चित्राची नाही, आवाजाची आहे. डबी नुसतं घर नसते, ती बाहेरची खरखर अडवणारी ढालही असते, आणि उघड्या बांधणीच्या जॅकचं (केबल खुपसायची जागा) अर्थिंग डबीच्या धातूला टेकूनच जुळतं. डबीच्या आत रंग गेला तर तो संपर्क तुटतो आणि पेडल गुणगुणायला लागतं. रंगवताना आतून कागदी टेप लावा. लावायची राहिली असेल तर जॅकच्या भोकाभोवती आतून रंग खरवडा. “चित्र काढल्यापासून आवाज करते” अशी तक्रार आली की मी आधी तिथंच बघतो.

इनपुट कुठल्या बाजूला असतं?

वाजवणाऱ्याकडून बघताना उजवीकडे इनपुट, डावीकडे आउटपुट. सर्किट बनवणारा तुम्हाला आतून काढलेला नकाशा पाठवतो आणि तो उलटा असतो. मी एकदा त्यावरूनच बाण काढले. क्लिअरचे चार कोट देऊन डबी लखलखीत झाली आणि बाण दोन्ही उलटे. तेव्हापासून नकाशा हातात आला की पहिल्यांदा कोपऱ्यात ‘आतून’ किंवा ‘बाहेरून’ लिहितो.

कोणते रंग स्टेजवर दिसतात?

लाल लाइटमध्ये पांढऱ्यावरची लाल अक्षरं गायब होतात, कारण दोन्ही सारखीच लाल दिसतात. निळ्या लाइटमध्ये लाल काळं पडतं. नाटकाच्या स्पॉटला लावतात तो जिलेटिन पेपर माझ्याकडे पडून असतो. डिझाइन झालं की बॅटरीसमोर लाल, निळा, हिरवा तुकडा धरून अंधाऱ्या खोलीत बघतो. रंगापेक्षा गडद-फिक्याचा फरक महत्त्वाचा. मोबाइलवर चित्राचा काळा-पांढरा फोटो करा. त्यात अक्षर ठळक वाचता आलं तर बहुतेक लाइटमध्ये वाचता येईल.

पावसाळ्यात काम घेता का?

हाताच्या रंगाचं घेतो, क्लिअरचं नाही. दमट हवेत लॅकर मारलं की पाणी धरतं आणि वर दुधाळ झाक येते. झडीच्या दिवसांत डब्या प्रायमर देऊन ठेवतो आणि ऊन पडायची वाट बघतो. गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडचा टू-के क्लिअर जास्त टिकाऊ असतो, पण त्याच्या हार्डनरची वाफ फुप्फुसांना वाईट. तोंडाला बांधलेला रुमाल तिथं उपयोगाचा नाही. ते काम मी त्यांनाच देतो.

नेटवरचं चित्र किंवा मोठ्या कंपनीचा लोगो टाकाल?

लोगो नाही. चित्राचं म्हणाल तर भारतात चित्रकाराचा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. नेटवर सापडलं म्हणजे मोकळं झालं असं नसतं. मी तुमच्यासाठी काढलेल्या चित्राचं काय, तेही ऑर्डरच्या वेळीच दोन ओळींत लिहून घेऊ: एकच डबी, की पुढे विकायला शंभर? दोन्हींचे पैसे वेगळे.

एआयने बनवलेलं चित्र चालेल?

प्रेरणेपुरतं दाखवा. त्याला भोकं कळत नाहीत आणि मी पाहिलेल्यांत देवनागरी तर त्याने धड लिहिलेली नव्हती. परवा आलेल्या एका चित्रात बैलाला पाच पाय होते. पाठवणाऱ्याच्या लक्षात आलं नव्हतं, आणि तो शेतकरी होता.

तयार, चालू पेडल पाठवलं तर त्यावर काढून द्याल?

सुटं करून रिकामी डबी पाठवा. सोल्डरिंग माझं काम नाही.

किती दिवस लागतात आणि डबी परत कशी येते?

रंगवायला दोन-तीन दिवस, वाळायला आठवडा. लोकांना तो आठवडाच खुपतो. दिवाळी ते होळी नाटकांचा हंगाम, तेव्हा महिनाभर धरा. अर्धे पैसे आधी.

घाईने काय होतं ते सांगतो. एकाला लग्नाच्या ऑर्केस्ट्राला पेडल पाहिजे होतं, तिसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात गुंडाळून एसटीने पाठवलं. त्याने उघडलं तर पिवळ्या रंगावर सोयाबीनचे बाजारभाव उलटे छापलेले. लॅकर वरून सुकलेलं असतं, आतून नाही. आता मी बटर पेपरमध्ये गुंडाळतो आणि आठवड्याआधी देत नाही. तुम्हीही खंडेनवमीला नव्या पेडलवर हळदीकुंकू लावू नका. पांढऱ्या डबीवरचा कुंकवाचा डाग मी तीनदा पॉलिश केला, अजून गुलाबी आहे. पूजा करायचीच तर मागच्या झाकणाला करा.

डबी हातात आली की नट आवळताना पान्हा आणि रंग यांच्या मध्ये जुन्या सुती धोतराचा तुकडा धरा. पान्हा निसटून पडलेला चरा भरून द्यायला पैसे घेत नाही, पण डबी पुन्हा सुटी करून पाठवावी लागते.